गुन्हा आणि गुनाह

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी आमच्या मोहल्ल्यातल्या शादीखान्यावर कापडी फलक लागला होता: 'आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव'. महोत्सव एका दिवसाचा, चित्रपट तीन, देश दोन. शहरातल्या मंडळींना हसू येईल, पण आमच्या तालुक्याच्या गावात पोरापोरींनी वर्गणी काढून, प्रोजेक्टर भाड्याने आणून, भिंतीला पांढरी चादर ताणून हे सारे उभे केले होते. शादीखान्यात सिनेमा दाखवायचा म्हटल्यावर जी कुजबुज व्हायची ती झालीच. शेवटी एका बुजुर्गांनी अट घातली की नमाजच्या वेळी यंत्र बंद राहील. पोरांनी ती मान्य केली. नंतर तेच बुजुर्ग पहिल्या रांगेत खुर्ची धरून संध्याकाळपर्यंत बसून होते.

खालच्या इंग्रजी ओळी सगळ्यांना वाचता येत नाहीत म्हणून कॉलेजातली एक मुलगी माइक घेऊन कोपऱ्यात बसली होती. ती थोडे मराठीत, थोडे घरच्या दखनीत सांगत राहायची. सकाळी आम्हाला त्या आवाजाचा जाच वाटला. दुपारनंतर मात्र तिच्यावाचून चित्रपट पुरा होत नाही असे वाटू लागले.

तीन चित्रपट निवडताना पोरांच्या मनात काही सूत्र असेल असे वाटत नाही. मिळाले ते लावले असावेत. पण तिन्ही एकामागून एक पाहिल्यावर आमच्या मनात एकच प्रश्न उभा राहिला. माणसाने खरे बोलावे हे सगळे धर्म सांगतात, पण त्या खऱ्याची किंमत कोण भरतो? पुढे दुसरा प्रश्न असा की ती किंमत मागायचा अधिकार कोणाला? हा दुसरा प्रश्न आमच्या अंगावर आला. त्याचे कारण पुढे येईलच.

पहिला चित्रपट अब्बास कियारोस्तामींचा, 1987 सालचा, 'मित्राचे घर कोठे आहे?'. उत्तर इराणातले कोकर नावाचे खेडे. शाळकरी अहमद चुकून शेजारच्या मोहम्मद रझाची वही घरी घेऊन येतो. वहीत गृहपाठ केला नाही तर शाळेतून काढून टाकीन, असे मास्तरांनी त्या मुलाला त्याच दिवशी दटावलेले असते. अहमद आईला सांगतो, विनवतो, पण आईला कपडे धुवायचे असतात, बाळाला झोपवायचे असते. शेवटी तिचा डोळा चुकवून तो नागमोडी वाटेने टेकडी ओलांडतो आणि पलीकडच्या पोश्ते गावात मित्राचे घर शोधत फिरतो. वाटेत त्याचा आजा त्याला सिगारेटी आणायला पिटाळतो. सिगारेटी त्याच्या खिशातच असतात, पोराला वळण लागावे एवढाच हेतू. आपल्या लहानपणी बाप आठवड्याला एक नाणे आणि पंधरवड्याला एक मार द्यायचा, नाणे कधी विसरायचा पण मार कधी विसरला नाही, असे तो वर अभिमानाने सांगतो. शादीखान्यातले म्हातारे इथे मोठ्याने हसले. ओळखीचे काही दिसले की माणूस हसतो.

घर सापडत नाहीच. रात्री अहमद आपल्याच हाताने मित्राचा गृहपाठ लिहून काढतो. सकाळी मास्तर वही उघडतात, शेरा मारतात, पुढच्या मुलाकडे वळतात. वहीत एक फूल चेपून ठेवलेले असते.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या शेजारी बसलेले एक निवृत्त शिक्षक मात्र पुटपुटले, "पण हे कॉपी करणंच झालं की." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. अहमदने आईला फसवले आणि मास्तरांना फसवले. तरीही त्या हॉलमध्ये त्याला गुन्हेगार म्हणायला कोणी धजला नसता. जर्मन तत्त्वज्ञ कांट धजला असता. 1797 साली त्याने एक निबंध लिहिला. खुनी दाराशी येऊन आत कोण लपले आहे असे विचारू लागला तरी खोटे बोलता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. आपल्याकडचे ज्ञानी इतके ताठ नाहीत. इमाम गझाली (मृत्यू 1111) हे इराणातल्याच तूस गावचे. त्यांनी लिहून ठेवले आहे की चांगला हेतू खरे बोलून साधत असेल तर खोटे हराम. पण जालिमापासून एखाद्या निरपराधाचा जीव वाचवायचा असेल आणि दुसरा मार्गच नसेल, तर तिथे खोटे बोलणे वाजिब होते. दोन भांडणाऱ्यांत सलोखा करायला थोडे खरे-खोटे करणाऱ्याला खोटारडा म्हणू नये, अशी हदीस आहेच. महाभारतात तर धर्मराजाचा रथ एका अर्धसत्यापायी जमिनीला टेकला. म्हणजे जिंकणारे खोटे सुद्धा फुकट मिळत नाही, एवढी जाण तिथेही आहे.

जोहरनंतर 'वज्दा'. 2012 सालचा, हैफा अल-मन्सूर या बाईंनी केलेला. संपूर्णपणे सौदी अरबस्तानातच चित्रित झालेला हा पहिला कथापट. त्या वेळी तिथे चित्रपटगृहेच नव्हती, ती 2018 साली उघडली. रियाधच्या रस्त्यावर पुरुषांच्या जथ्यात बाईने उभे राहणे अवघड, म्हणून त्या मोटारीत बसून वॉकीटॉकीवरून सूचना देत असत. दहा-अकरा वर्षांच्या वज्दाला सायकल हवी आहे, सायकलचे आठशे रियाल जमवायचे आहेत. शाळेत कुरआन पठणाची स्पर्धा असते, बक्षीस हजार रियाल. ही पोर तजवीद शिकते, पाठांतर करते आणि जिंकते. स्टेजवर बाई विचारतात, पैशाचे काय करणार? ती सांगून टाकते, सायकल घेणार. झाले! बक्षिसाचे पैसे तिच्या हातात न पडता फलस्तीनच्या मदतीला जातात.

मागच्या रांगेतून एक पोरगा ओरडला, "खोटं बोलायला काय झालं होतं हिला?" सगळा हॉल हसला. आम्हीही हसलो. हाच पोरगा सकाळी अहमदसाठी टाळ्या वाजवत होता, त्याच्या दृष्टीने त्यात विसंगती काहीच नव्हती. त्या चित्रपटाबद्दल इथे याहून अधिक लिहीत नाही. त्याचा शेवट गोड आहे, आणि गोड शेवटाने प्रश्न जरा बुजतो.

असर झाल्यावर तिसरा लागला. असगर फरहादींचा 2011 सालचा चित्रपट, 'नादेर आणि सिमीन यांची फारकत' असे त्याचे नाव मराठीत सांगता येईल. बर्लिनला त्याला सोनेरी अस्वल मिळाले, पुढच्या वर्षी ऑस्करही. तेहरानमधले मध्यमवर्गीय जोडपे. बायकोला मुलीला घेऊन परदेशी जायचे आहे, नवऱ्याला विसरभोळेपणाच्या आजाराने पार गेलेल्या बापाला सोडवत नाही. बायको माहेरी जाते. म्हाताऱ्याची देखभाल करायला रजिया नावाची गरीब बाई कामाला येते. सोबत लहान मुलगी, पोटात एक, घरी नवरा कर्जात बुडालेला आणि तापट. पहिल्याच दिवशी म्हातारा कपड्यात घाण करतो. परपुरुषाचे कपडे बदलावेत की नाही? रजिया फोन लावून एका जाणत्या माणसाला विचारते की यात गुनाह तर होणार नाही?

इथे एका शब्दापाशी थांबावेसे वाटते. चित्रपटातले कोर्ट-कचेरीचे निम्मे शब्द आम्हाला त्या मुलीने सांगायच्या आतच कळत होते. वकील, शिकायत, शाहीद हे शब्द फारसीतून दखनीत आणि मराठीत शतकांपूर्वीच येऊन बसले आहेत. चित्रपटातला नादेर मुलीचा अभ्यास घेताना अरबी मुळाचा शब्द चालणार नाही, शुद्ध फारसी लिही, म्हणून अडून बसतो. मुलगी म्हणते, बाई मार्क कापतील. तो म्हणतो, चूक ती चूक, कोणीही सांगितली तरी. मराठीत फारसी शब्द वेचून बाहेर काढणारे जे होते त्यांचा हा इराणी मावसभाऊ. असो. पण 'गुनाह' या एका फारसी शब्दाचे आपल्याकडे दोन तुकडे झाले आहेत. मराठीत तो 'गुन्हा' झाला आणि पोलीस ठाण्यात गेला. घरच्या बोलीत तो 'गुनाह'च राहिला, अल्लाहच्या दरबारातला. मराठी मुसलमानाच्या तोंडात हे दोन्ही शब्द एकाच वेळी असतात आणि त्यांत गल्लत होत नाही असे आपण समजतो.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. एक दिवस नादेर घरी येतो तो बाप पलंगाला बांधलेला, खाली पडलेला. रजिया बाहेर गेलेली. पैसेही कमी भरतात. ती परतल्यावर तो तिच्यावर चोरीचा आळ घेतो आणि तिला दाराबाहेर ढकलतो. तिचा गर्भ जातो. ती पोटुशी आहे हे ठाऊक असून त्याने ढकलले असेल तर तो खुनाचा गुन्हा. नादेर न्यायाधीशापुढे सांगतो, आपल्याला ठाऊक नव्हते. ठाऊक होते. बापाला वाचवायला अकरा वर्षांची मुलगी न्यायाधीशापुढे खोटे बोलते आणि परतताना मोटारीत रडते. शब्दाची चूक खपवून न घेणारा बाप ते पाहत असतो.

मगरिबला यंत्र बंद झाले तेव्हा गोष्ट इथवर आली होती. वजूच्या नळांवर खटला उभा राहिला. नादेर खोटारडा, असे तरुण म्हणत होते. म्हाताऱ्या माणसाला बांधून ठेवणारी बाई कसली, असे वयस्कर म्हणत होते. बायकांच्या बाजूने आवाज आला की तिला मोकळे बोलू कोण देतो? नमाज होईपर्यंत बहुतेकांचा निकाल लागला होता. आमचाही लागला होता.

नमाजनंतर शेवटचा भाग. खुनाच्या खटल्याऐवजी दियत म्हणून ठरावीक रक्कम घेऊन मिटवायचे ठरते. रजियाच्या घरी बैठक बसते. तिच्या नवऱ्याचे सावकारही येऊन बसलेले असतात. पैसे आले की ते घेऊन जाणार. नादेर चेक लिहायला तयार होतो, पण एक अट घालतो. रजियाने कुरआनवर हात ठेवून म्हणावे की आपल्या ढकलण्यानेच गर्भ गेला. आणि रजिया हात ठेवत नाही. आदल्या दिवशी म्हातारा रस्त्यावर निघून गेला होता, त्याला आणायला धावताना तिला मोटारीचा धक्का लागला होता, पोटात त्याच रात्री दुखू लागले होते. गर्भ धक्क्याने गेला की ढकलण्याने, तिला ठाऊक नाही. शक आहे. नवरा आत येऊन विनवतो, गुनाह माझ्या माथी, तू हात ठेव. ती म्हणते, माझ्या पोरीवर काही येईल. नवरा स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतो आणि बाहेर जाऊन नादेरच्या मोटारीची काच फोडतो.

माइकवरची मुलगी इथे थांबली. तिला सांगायला शब्द राहिले नव्हते की सांगायची गरज वाटली नाही, कोण जाणे. आमच्या डोळ्यांपुढे तर तेहरान राहिलेच नव्हते. आमच्याच जमातीची खोली दिसत होती.

2009 सालची गोष्ट. आम्ही तेव्हा जमातीच्या पाच पंचांपैकी एक होतो, नोंदवहीही आमच्याकडेच असायची. मोहल्ल्यातल्या एका बऱ्या घरातून दीड तोळ्याची बांगडी गेली. त्या घरी धुण्याभांड्याला एक विधवा बाई यायच्या, सगळे त्यांना खाला म्हणत. घरच्यांना पोलीस नको होते. आपल्या माणसाला ठाण्यात कशाला न्यायचे, हा त्यांचा चांगुलपणाच म्हणायचा. मामला जमातीपुढे आला. खाला म्हणाल्या, "मैं चोरी नै करी." साक्षीदार कोणी नव्हता. मग आमच्यापैकी एकाने तोडगा काढला, कुरआनवर हात ठेवा आणि मोकळ्या व्हा. शब्द आम्हीच सांगितले, कारण लिहिणारे आम्ही होतो: "बांगडी मेरे हात से नै गई."

खालांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. म्हणाल्या, "चोरी नै करी, ये बोलती मैं. हात से नै गई, ये कैसा बोलू? उस दिन का कचरा मैंच फेकी ना. कचरे में गई होगी तो?"

आम्ही समजावले की शब्दात काय आहे, बोलून टाका. त्या म्हणाल्या, "मेरेकू शक है." पुन्हा विचारले. पुन्हा तेच. पाचजणांनी एकमेकांकडे पाहिले. नोंदवहीत आम्ही लिहिले: शपथ घेण्यास नकार. खालांचे काम सुटले. दुसऱ्या घरांनीही मग त्यांना बोलावले नाही. बांगडी कधीच सापडली नाही, त्यामुळे खरे काय होते ते आजही आम्हाला ठाऊक नाही. त्या निर्दोष ठरल्या असत्या तर ही गोष्ट सांगायला सोपी झाली असती.

नियमाने पाहिले तर आमची चूक दाखवणे अवघड आहे. दावा करणाऱ्याने पुरावा द्यावा, नाकारणाऱ्याने शपथ घ्यावी, हे फिकहचे जुने सूत्र. चित्रपटात शपथ दावा करणाऱ्या बाईकडून मागितली गेली, आम्ही तर नाकारणारीकडून मागितली, म्हणजे आमचे अधिक सरळ. मालमत्तेच्या दाव्यात शपथेला नकार दिला तर निकाल विरुद्ध द्यावा, असे हनफी मत आहे. शाफई मत वेगळे. ते म्हणते की एवढ्यावर निकाल नको, शपथ आता दावेदाराकडे परत जाते. कोकणातले आमचे सोयरे शाफई आहेत, त्यांच्या एखाद्या जमातीत बसलो असतो तर कदाचित कोणी विचारले असते की घरमालकांनी हात ठेवावा, बांगडी घरातच कुठे पडलेली नाही आणि हिनेच घेतली. ते आमच्या मनातही आले नाही. प्रतिष्ठित माणसापुढे कुरआन सरकवायचे धाडस आमच्यात नव्हते, आणि धुणे धुणाऱ्या बाईपुढे सरकवताना धाडस लागतच नव्हते.

शपथेचे यंत्र चालते ते भीतीवर. ज्याला अल्लाहची भीती नाही त्याला हात ठेवायला काय लागते? कोर्टात रोज किती जण ईश्वराला साक्ष ठेवून काय काय सांगतात ते कोर्टात खेपा घालणाऱ्यांना विचारावे. जाणूनबुजून घेतलेल्या खोट्या शपथेला 'यमीने गमूस' म्हणतात, माणसाला गुनाहात बुडवणारी. हनफी मताप्रमाणे तिला कफ्फाराही पुरत नाही, तौबाच करावी लागते. हे ज्याला पटलेले असते तोच थबकतो. म्हणजे आम्ही खोटे बोलणाऱ्याला पकडायला जाळे लावले आणि त्यात अडकला तो शब्द तोलून बोलणारा. रजिया अडकली. खाला अडकल्या. नादेर कोर्टात सरळ खोटे बोलून सुटला होता आणि तरीही शपथ मागायचा अधिकार त्याच्याकडेच राहिला.

कोणी म्हणेल, मग शपथ नकोच का? पुराव्यावाचून भांडणे मिटवायची तर काहीतरी हवेच ना. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. ठाण्यात गेल्या असत्या तर खालांचे काय झाले असते, याचीही कल्पना आहे. आमचे म्हणणे एवढेच की शपथ मागणाऱ्याने आधी आपले शब्द तपासावेत. न्यायासाठी स्वतःविरुद्ध, आईबापाविरुद्ध सुद्धा साक्ष द्या, श्रीमंत-गरीब पाहू नका, अशी कुरआनची आज्ञा आहे. आम्ही ती नेहमी साक्षीदाराला उद्देशून वाचली, पंचाला उद्देशून नाही. 'चोरी केली नाही' आणि 'हातून गेली नाही' यांतला फरक एका अंगठेबहाद्दर बाईला कळला आणि नोंदवही लिहिणाऱ्याला कळला नाही. आम्ही गुन्हा शोधत होतो. त्या गुनाह टाळत होत्या. पाचजणांना ते एकच वाटले.

हेही मान्य केले पाहिजे की 'आम्ही' या शब्दाने मोठी सोय केली. पाचजण असल्यामुळे निकाल कोणा एकाचा झाला नाही. घरी जाऊन प्रत्येकाने जेवण केले असेल. रजियाला मात्र 'आम्ही' म्हणता येत नाही. नवरा गुनाह आपल्या माथी घ्यायला तयार असतो, तरी तिला ठाऊक असते की तो असा वाटून घेता येत नाही.

चित्रपटाच्या शेवटी नादेरच्या मुलीला आईबापांपैकी एकाला निवडायचे असते. तिने कोणाला निवडले ते दाखवलेले नाही. दिवे लागल्यावर पोरे गलका करत होती, "कोणाकडं गेली? सांगा ना!" पहिल्या रांगेतले बुजुर्ग उठले, काठी शोधली, आणि जाताना आयोजकांना म्हणाले, "अच्छा था. पुढच्या वेळी खुर्च्या जरा बऱ्या आणा."

दुसऱ्या दिवशी आम्ही जमातीच्या कचेरीत जाऊन 2009 ची वही मागितली. आताचे चिटणीस तरुण आहेत, त्यांनी कपाटातून काढून दिली. अक्षर आमचेच होते, वळणदार. नकारापुढचा कारणाचा रकाना कोरा होता. खालांचे शब्द तिथे लिहितो म्हटले तर चिटणीस म्हणाले, "चाचा, जुन्या नोंदीत खाडाखोड चालत नाही. अर्ज द्या, बैठकीत ठेवतो." ते बरोबरच होते. आम्ही अर्ज लिहिला. खालांचे बोलणे जसे आठवते तसे, त्यांच्याच बोलीत, आणि शपथेचे शब्द आम्ही सांगितले होते हेही. उरलेल्या चार पंचांपैकी दोघे हयात आहेत. एकाने सही केली. दुसऱ्याने अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाला, "असंच झालं होतं हे तुला नक्की आठवतंय? शपथेवर सांगशील?"